संताची नजर

जुन्या गोव्यातलं बॉम जेझू चर्च बाहेरून उघड्यावाघड्या जांभ्याचं आहे. एकेकाळी या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात तो काढून टाकला आणि तेव्हापासून कोकणचा पाऊस थेट दगडावर पडतो. आत गेलं की मात्र समोरची वेदी जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत सोन्याने मढलेली. आपल्या जुन्या दगडी देवळांत नक्षी बाहेर आणि गाभारा अंधारा; इथे सगळं उलटं.

एवढं सोनं कशाला, हा प्रश्न मनात येतोच. दारिद्र्याचं व्रत घेणाऱ्या जेझुइट पाद्र्यांनी बांधलेल्या चर्चमध्ये तर हमखास येतो. १५९४ साली काम सुरू झालं, १६०५मध्ये चर्चचा अभिषेक झाला. त्या काळी पोथी वाचू शकणारे थोडे होते, डोळे मात्र सगळ्यांना होते. म्हणून ही वेदी पोथीसारखी वाचायची, पण खालून वर.

चर्च बाळ येशूचं, आणि त्याची मूर्ती अगदी लहान. पटकन दिसतही नाही. तिच्या मागे, वर, माणसाहून मोठा उभा आहे तो जेझुइट संघाचा संस्थापक, संत इग्नेशियस. पहिल्यांदा पाहताना हे खटकतं. यजमान कोपऱ्यात आणि पाहुणाच पाटावर! पण इग्नेशियसच्या चेहऱ्याकडे नीट पाहा. तो आपल्याकडे पाहत नाही. त्याची नजर वर लागली आहे, सूर्यासारख्या किरणांच्या वर्तुळात कोरलेल्या येशूनामाच्या तीन अक्षरांवर. त्याहून वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. बाजूचे पिळदार खांब जेरुसलेमच्या सॉलोमनच्या मंदिराची आठवण देणारे. त्यांचा पीळही नजरेला वरच ढकलतो. एवढा अवाढव्य संत मध्यभागी उभा केला, तो त्याच्याकडे पाहून थांबण्यासाठी नाही. तो कुठे पाहतो आहे, ते आपण पाहावं यासाठी.

गर्दी मात्र बाजूच्या कक्षात, संत फ्रान्सिस झेवियरच्या समाधीपाशी असते. झेवियर १५५२मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला, शव पुढे गोव्यात आलं. संगमरवरी चौथरा तस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला, फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराचा. तो १६९८मध्ये इथे उभा राहिला. त्यावरची चांदीची पेटी मात्र साठ वर्षं आधीची, गोव्यातल्याच कारागिरांच्या हातची. ड्यूकचं नाव पुस्तकात सापडतं. पेटीवर झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग ज्यांनी ठोकून उठवले, ते हात आपल्या ओळखीच्या मातीतले होते, एवढं मनात ठेवून पेटीकडे पाहावं.

आणि वेदीवरच्या त्या तीन अक्षरांकडे पाहताना आणखी काही विसरू नये. त्याच नावाने याच संघातल्या फादर स्टीफन्सने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं. १६१६ साली ते छापलं गेलं. आणि त्याच नावाने, त्याच्या कितीतरी आधी, सासष्टीतली देवळं पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश भक्तांनी १५६०मध्ये झुआरी नदीपलीकडे प्रियोळला हलवला. यातली एक गोष्ट सांगून दुसरी गाळणारे दोन्ही बाजूंना भेटतात. सोन्याच्या झळाळीत ते सोपंही जातं.

पणजीहून फोंड्याला जाणारा रस्ता जुन्या गोव्यावरूनच जातो. सकाळी बॉम जेझू पाहिलेली मराठी सहल थोड्याच वेळात प्रियोळला मंगेशीच्या दीपमाळेसमोर उभी असते. ही दोन्ही दर्शनं एकाच दिवशी घ्यावीत, आणि मधल्या वाटेत गाडीतली गाणी तेवढी बंद ठेवावीत.