टिळकांच्या घरी राहिलेला मुलगा

१९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या एका मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ हे नाव दिलं. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तो मुलगा. वडिलांच्या पोलीसखात्यातल्या बदल्यांमुळे त्याचं शिक्षण मध्येच मोडलेलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणलं. हळवा, हट्टी, चटकन दुखावणारा हा मुलगा टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या हातचं जेवला, त्यांचा मुलगा देवदत्त याच्या बरोबरीने वावरला. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना तो कवी म्हणून भेटण्याआधी घरातलं पोर म्हणूनच भेटतो.

ठोंबरे काही रस्त्यावर पडलेला पोरका मुलगा नव्हता. तरीही किशोरवयीन मुलाला ख्रिस्ती कुटुंबाने घरात घेण्याचा विषय निघाला की मला पहिल्यांदा तोच आठवतो. कारण पाळकाच्या घरात राहूनही तो हिंदूच राहिला आणि १९१८ मध्ये हिंदू म्हणूनच गेला. टिळकांनी आपली श्रद्धा कधी झाकून ठेवली नाही. पण जेवणाची, मायेची किंमत म्हणूनही ती पुढे केली नाही. हा धीर त्यांना स्वतःच्या संसारात शिकावा लागला होता. त्यांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधल्या काळात आधी ताटातूट झाली, मग एका छपराखाली राहूनही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं सांभाळलं. ज्या घराने पाच वर्षं वाट पाहिली, त्याला दुसऱ्याच्या मुलाची घाई का असावी?

आम्हा नगरच्या ख्रिस्ती मंडळींना निराधार मुलांचा विषय नवा नाही. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ साली आलं. १८९९-१९००च्या दुष्काळात मिशनच्या आवारांत उपाशी मुलं भरली. तिकडे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनाने शेकडो मुली-बायका जगवल्या. पुढे कितीतरी घराण्यांची शिक्षणाची पहिली पायरी मिशनच्या बोर्डिंगचीच होती. त्या पिढीने मुलांना जीव दिला, अक्षर दिलं, हे ऋण मोठंच. पण बोर्डिंगमध्ये घंटेवर उठलेल्या मुलाला आजारपणात रात्री कपाळावर हात ठेवणारं एकच ठराविक माणूस मिळतंच असं नाही. शंभर मुलांच्या ताटात अन्न पडतं. रुसून जेवायचं नाही म्हणण्याची मुभा मात्र घरातच मिळते, आणि तेराचौदाव्या वर्षी मुलाला ती मुभा अन्नाइतकीच लागते.

आज आमच्या जिल्ह्यातली पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. मागे राहिलेल्या मुलीची काळजी म्हणून तिचं कोवळ्या वयात लग्न उरकलं जातं. कुठे आई एकटी पडते, बाप दारूत जातो, मूल बालकल्याण समितीसमोर येतं. दत्तक घेणाऱ्यांना तान्हं बाळ हवं असतं. पंधरा वर्षांचा मुलगा कुणाच्या अर्जात नसतो. त्याच्यासाठी २०१५च्या बाल न्याय कायद्यात कलम ४४ आहे, प्रतिपालक कुटुंबाचं. हे दत्तक नव्हे. नाव बदलत नाही, आईवडिलांशी नातं तुटत नाही; समितीची हरकत नसेल तर ते ठरावीक काळाने भेटायला येऊ शकतात, आणि परिस्थिती सावरली की मूल त्यांच्याकडे परतू शकतं. केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेतून दरमहा चार हजार रुपयांची तरतूदही आहे.

खरी परीक्षा इथेच आहे. ज्याला एक दिवस परत पाठवायचं, त्याच्यावर पूर्ण जीव लावायचा. असा मुलगा कोऱ्या पाटीचा येत नाही. उशीखाली भाकरी लपवतो, खोटं बोलतो, ज्या आईने टाकलं तिच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही. घरचे त्याला कधी बाहेर काढतात हे पाहण्यासाठी मुद्दाम वाकडं वागतो. अशा वेळी ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य तोंडून गेलं की इतक्या दिवसांचा विश्वास ढासळतो. कृतज्ञता मागायची नाही, हा नियम मला उपासना चुकवू नये या नियमाइतकाच पवित्र वाटतो.

संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेचं काय? ती व्हावी, नेहमीसारखी व्हावी. मुलाला वाटलं तर त्याने बसावं, नाही तर अभ्यास करावा. त्याला गणपतीला गावी जायचं असेल तर एसटीचे पैसे हातात द्यावेत. धर्मांतराच्या संशयाला भिऊन हे करायचं असं मी म्हणत नाही, जरी तो संशय आपल्या जिल्ह्यात रोज भेटतो. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क कराराचं कलम २० घराबाहेर वाढणाऱ्या मुलाचा धर्म, भाषा, संस्कृती यांचं सातत्य जपायला सांगतं, तेही पुरेसं कारण नव्हे. ज्याच्याकडून सगळं काढून घेतलं गेलं आहे, त्याचा देवही आपण काढून घेऊ नये. माझ्या विश्वासाने मला प्रेम शिकवलं असेल तर ते या संयमातच दिसेल.

पोटच्या मुलांचा विचार आपण फार कमी करतो. लूकच्या शुभवर्तमानात उधळ्या पुत्राला मेजवानी मिळते तेव्हा थोरला भाऊ बाहेर उभा राहतो, आणि बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर जातो. प्रतिपालक घरात ही बाहेरची फेरी रोज करावी लागते. खोली वाटून घेणाऱ्या मुलीला आधी विचारा. तिचा नकार खरा माना.

एकट्या कुटुंबाला हे झेपणार नाही. एखाद्या रविवारी पाळकांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या अधिकाऱ्यांना मंडळीत बोलवावं, प्रश्न विचारू द्यावेत. एका घराने मुलाला घ्यावं. दुसऱ्याने गणित शिकवावं. तिसऱ्याने महिन्यातून दोन दिवस त्याला आपल्याकडे नेऊन त्याला सांभाळणाऱ्या घरातल्या आईला झोपू द्यावं. अठरा पूर्ण झाल्यावर कायद्याचा हात सैल होतो. मर्यादित मदत मिळते, पण भाड्याच्या खोलीची अनामत, पहिल्या नोकरीसाठी ओळख, दिवाळीत जायला घर, हे कुठल्या कलमात मावणार? त्यासाठी मंडळीच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात, छपराच्या दुरुस्तीच्या आधी, एक ओळ लिहावी लागेल.