साखरेसाठी दिलेलं रक्त

"फसवणूक म्हणणं जड जातं गं, आत्या. सह्या होत्या ना?"

भाचा जनुकशास्त्र शिकतोय. आत्या तीस वर्षं मनोरुग्ण तपासून निवृत्त झालेली. विषय ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीचा. ग्रँड कॅन्यनच्या पोटात सुपाई हे त्यांचं गाव. तिथं गाडी जात नाही. आठ मैल पायी, नाहीतर खेचरावर किंवा हेलिकॉप्टरनं. जमात जेमतेम साडेसहाशेंची. घरोघरी मधुमेह, म्हणून १९९० पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना त्यांनी रक्त दिलं.

"सह्या होत्या, पण कशावर?"

"वर्तनाचे आणि शरीराचे विकार, असं लिहिलं होतं. त्यात स्किझोफ्रेनिया बसतो."

"कोंबला की बसतो. बऱ्याच जणांना इंग्रजी परकं. त्यांच्या कानावर पडली ती साखर. अभ्यास झाला स्किझोफ्रेनियाचा, नात्यातल्या लग्नांचा, पूर्वज आशियातून आल्याचा. आणि ते तर स्वतःला ह्याच दरीतले मानतात!"

"नावं काढलेली होती."

"साडेसहाशे माणसांत? आपल्या सोसायटीत 'बी विंगमधले एक गृहस्थ' म्हटलं, की कळायचं कुणाला राहतं?"

२००३ साली जमातीतल्या एका तरुणीनं विद्यापीठात याच रक्तावरच्या प्रबंधाचं सादरीकरण ऐकलं आणि परवानगी घेतली होती का, असं विचारलं. तिथून प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये तडजोड झाली: ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर, आणि उरलेलं रक्त परत.

"चांगलं झालं," भाचा म्हणाला. "पण तिथंच एखादा मुलगा आवाज ऐकत बसला असेल, तर? जमात म्हणाली, आता संशोधन नको. त्याला कुणी विचारलं?"

आत्यानं चष्मा काढून पदरानं पुसला. पुसायला काही नव्हतं.

"ओपीडीत घरचेच बोलायचे. 'त्याला काय विचारता, डॉक्टर?' तो शेजारीच शर्टाचं बटण फिरवत बसलेला. गर्दीच्या दिवशी मीही नाही विचारलं."

"मग जमात आणि ते घरचे, फरक काय?"

"जमातीला लुटलं गेलंय. तिला कुंपण घालायचा हक्क आहे. पण कुंपणाच्या आतही कोंडमारा होतो, हे तुझं खरं."

तिनं भाच्याच्या अभ्यासाच्या संमतिपत्राचा मसुदा ओढला आणि 'व इतर विकार' पेन्सिलीनं खोडलं.

"माझा अभ्यास अर्धा होईल."

"पुढं लागलं तर परत जाऊन विचार."

"आठ मैल?"

"खेचर मिळतं."

"आणि तो मुलगा?"

"त्यालाही विचार. बरा असेल त्या दिवशी."