नाणे कैसराचे, माती कोणाची?



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय 22:15-21) परूशी येशूपुढे रोमी नाणे धरतात. रोमचे सरकार परके होते, तलवारीच्या बळावर आलेले होते. त्याला कर द्यावा की नाही, असे विचारून त्यांना येशूला पेचात पकडायचे होते. नाण्यावर मुखवटा कोणाचा आहे, एवढेच येशू विचारतो. जे कैसराचे ते कैसराला जाऊ द्या, पण देवाचे ते देवाला द्या, असे तो सांगतो.

आपल्या मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. आपल्या आजोबांच्या खिशात निजामाचा हाली रुपया होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी संपली, पुढे काही वर्षांत हालीही गेला. 1956 साली आपण मुंबई राज्यात आलो आणि 1960 साली महाराष्ट्रात. नाण्यावरचा शिक्का असा बदलत गेला. मग देवाचे ते काय, जे कोणत्याही शिक्क्याने बदलत नाही?

आपल्याच नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडे पाहू या. 1956 पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. तिथल्या डोंगरांत गोंड, कोलाम, आंध, परधान पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. जमीन ते कसत होते, पण हातात कागद नव्हता. निजाम सरकारने जंगल राखीव केले आणि त्यांची शेती ‘अतिक्रमण’ ठरली. बाहेरून आलेल्या जाणत्या लोकांना मात्र पट्टे मिळाले. आदिलाबादच्या डोंगरांत असंतोष पेटला आणि 1940 साली जोडेघाटला कोमराम भीम सरकारी गोळीबारात पडला. त्यानंतर त्याच सरकारने हायमेनडॉर्फ या अभ्यासकाला बोलावून कारणे शोधायला सांगितले. रोगाचे मूळ जमिनीत सापडले. बंदूक सरकारजवळ होती, पण हक्क कोणाचा, हे बंदुकीला सांगता आले नाही.

न्याय काढून घेतला तर राज्य आणि लुटारूंची टोळी यांत फरक उरत नाही, असे संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच बजावले आहे. पण लूट नेहमी लुटीसारखी दिसते असे नाही. नाबोथाचा द्राक्षमळा आठवा (1 राजे 21). वाडवडिलांचे वतन विकायला त्याने राजाला नकार दिला. मग ईजबेल राणीने राजाच्या शिक्क्याची पत्रे पाठवली, गावचे वडीलधारे बसले, दोन साक्षीदार उभे राहिले आणि निकाल लागला. सगळे रीतसर झाले. कागद पक्का होता, पण परमेश्वराने एलीयाला पाठवून खुनाचा जाब विचारलाच.

स्वातंत्र्यानंतरही कर्ज, गहाणखत आणि अंगठ्याच्या ठशावर आदिवासींच्या जमिनी जात राहिल्या. म्हणून 1974 साली महाराष्ट्राने कायदे केले. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ नये, आणि 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात गेलेली जमीन परत मिळावी, अशी तरतूद झाली. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. सरकारने आपल्याच दप्तरातला कागद पुन्हा तपासावा, यातच सरकारचा खरा मान आहे. मात्र कायदा पुस्तकात असणे आणि जमीन हातात येणे, यांत तहसीलच्या किती खेपा असतात हे गरिबालाच ठाऊक.

मग बाहेरून आलेले सगळे अहाब का? नाही. कितीतरी जण दुष्काळाने हुसकलेले, पोटामागे आलेले गरीब होते. त्यांची नातवंडे तिथेच जन्मली. त्यांना एका फटक्यात हुसकणे हाही न्याय नव्हे. लेवीय 25:23 मध्ये परमेश्वर इस्राएलला सांगतो की जमीन त्याची आहे आणि ते त्याच्याकडे उपरे म्हणून राहतात. म्हणजे देवापुढे आपण सगळेच उपरे. पण उपरेपण आठवणाऱ्याने, आपण आलो तेव्हा इथून कोण उठला, हे विचारलेच पाहिजे.

ख्रिस्तसभेलाही हा प्रश्न चुकला नाही. पंधराव्या शतकातल्या पोपच्या फर्मानांचा आधार घेऊन युरोपच्या राजांनी मूळ रहिवाशांच्या भूमी बळकावल्या. 30 मार्च 2023 रोजी व्हॅटिकनने ती विचारसरणी जाहीरपणे नाकारली. उशीर झाला, पण आपल्या शिक्क्याखाली झालेले पाप पाहण्याचे धैर्य दाखवले.

तेच धैर्य आपण मागू या. आपल्या बाकांवर शिक्षक बसतात, कचेरीतले नोकरदार बसतात आणि सातबारा नसलेले गायरान कसणारेही बसतात. जमीन घेताना फक्त आजचा सातबारा पाहू नका, जुने फेरफार पाहा. दुसऱ्याच्या नावावर आदिवासीची जमीन घेऊ नका. पेरणीच्या दिवसांत अडलेल्याला पैसे देताना त्याचे शेत तारण मागू नका. कचेरीत असाल तर त्याची फाईल खाली दाबू नका. आणि असे काही हातून घडले असेल, तर प्रायश्चित्त संस्काराला येताना परतफेडीचा विचार करून या. घेतलेले परत न करता मागितलेली क्षमा अर्धीच राहते.

हे प्रभो, नाबोथाचा आक्रोश तू ऐकलास. आमच्या डोंगरातल्या भावांचा आक्रोश आम्हांलाही ऐकू येऊ दे. राज्यकर्त्यांना न्यायबुद्धी दे, उपऱ्याला आणि मूळच्याला एका बांधावर शेजारी म्हणून बसव. आमेन.