मैत्रिणीची गोष्ट ही अमानत आहे

आज मी वाचक बंधु-भगिनींसमोर असा विषय मांडत आहे, जो मिंबरवरून क्वचितच ऐकायला मिळतो. आपल्या मुली महाविद्यालयात जातात. त्यांची फी, बसचा पास, हजेरी आणि निकाल यांची आपण विचारपूस करतो. मैत्रीण म्हणून त्या एकमेकींशी कशा वागतात, हे मात्र आपण कधी विचारत नाही.

तालुक्याच्या गावातील महिला महाविद्यालय लहान असते. वर्गात तीस-चाळीस मुली, एकच ग्रंथालय, एकच जिना. अशा ठिकाणी मैत्री लवकर जुळते आणि घट्टही होते. एकीचा डबा चौघींत वाटला जातो. रमजानमध्ये रोजा असलेल्या मुलीसमोर डबा उघडू नये म्हणून इतर जणी बाहेरच्या पायरीवर जाऊन बसतात. ही अल्लाहची देणगी आहे. परंतु लहान जागेत कोणतीही गोष्ट लपून राहत नाही. सकाळी जिन्यात एकीच्या कानात सांगितलेले दुपारपर्यंत वर्गभर होते आणि मगरिबच्या आत मोहल्ल्यात पोहोचते.

दोन वर्षांपूर्वी इशाच्या नमाजनंतर एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. त्यांची मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ती बसस्थानकावर एका मुलाशी बोलत असते, असे त्यांच्या कानावर आले होते. ‘मौलानासाहेब, काय करू?’ त्यांनी विचारले. हे कोणी सांगितले, कोणी पाहिले, यातले काहीही न विचारता मी म्हणालो, ‘काही दिवस घरीच ठेवा.’ परीक्षेला तेव्हा तीन आठवडे राहिले होते.

खरी हकीकत पुढे महिनाभराने कळली. आमच्या घरी दर रविवारी माझी पत्नी मुलींना कुरआन शिकवते. तेथे येणारी एक मुलगी रडत रडत तिला सांगू लागली. बसस्थानकावर एक मुलगा त्या मुलीच्या मागे येत असे. ती घाबरली होती. घरी कळले तर महाविद्यालय सुटेल, या भीतीने तिने फक्त या मैत्रिणीला सांगितले आणि कोणाला सांगू नकोस असे विनवले. मैत्रिणीने ते दुसरीला सांगितले, दुसरीने तिसरीला. ‘तो तिला त्रास देतो’ याचे तिसऱ्या तोंडी ‘ती त्याच्याशी बोलते’ असे झाले. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. तरीही एका मुलीची परीक्षा बुडाली, तिच्या बरोबरीच्या मुली पुढच्या वर्गात गेल्या, आणि त्रास देणाऱ्या मुलाला कोणी एक शब्दही विचारला नाही.

मी त्यांच्या घरी गेलो आणि माझी चूक कबूल करून क्षमा मागितली. पडद्यामागून ती मुलगी एवढेच म्हणाली, ‘मौलाना, मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.’ ते वाक्य अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आली आहे. तिचा आशय असा की, एखादा माणूस बोलताना इकडेतिकडे पाहतो, तेव्हा त्याचे ते बोलणे ऐकणाऱ्याजवळ अमानत ठरते. विचार करा, येथे शपथ घातलेली नाही, ‘कोणाला सांगू नकोस’ असे शब्दही नाहीत. बोलणाऱ्याची नजर एकदा मागे वळली, एवढ्यानेच ऐकणाऱ्यावर जबाबदारी आली. जिन्यात उभी असलेली आपली मुलगी मैत्रिणीला काही सांगण्याआधी मागे वळून पाहते, तेव्हा ती अमानत सोपवत असते. कोणी ठेवायला दिलेले दागिने आपण मोडून खात नाही. मग ठेवायला दिलेली गोष्ट कशी वाटून टाकतो?

अफवेने काय होते, हे खुद्द पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांच्या घराने सोसले आहे. एका मोहिमेवरून परतताना हजरत आयशा (रजि.) हरवलेला हार शोधण्यासाठी थांबल्या आणि काफिल्याच्या मागे राहिल्या. हजरत सफवान (रजि.) यांनी त्यांना आपल्या उंटावर बसवून काफिल्यापर्यंत आणले. एवढ्यावरून दांभिकांनी तोहमत उठवली आणि काही भोळे श्रद्धावंतही तिला बळी पडले. महिनाभर मदीनेत ती चर्चा चालू राहिली. आजारी असलेल्या हजरत आयशांना तर बऱ्याच उशिराने हे समजले. शेवटी सूरह नूरच्या आयती अवतरल्या आणि अल्लाहनेच त्यांचे निर्दोषत्व जाहीर केले. त्याच सूरहच्या 12 व्या आयतीत श्रद्धावंत पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही जाब विचारला आहे की, ही गोष्ट ऐकताच तुम्ही आपल्या लोकांविषयी चांगला विचार का केला नाही?

या प्रसंगातील दोन स्त्रियांची आठवण आपल्या प्रत्येक मुलीला असायला हवी. पहिल्या हजरत जैनब बिन्त जहश (रजि.). पैगंबरांच्या पत्नींमध्ये हजरत आयशांची बरोबरी करणाऱ्या त्याच होत्या. पैगंबरांनी त्यांना विचारले, तेव्हा सवतीला खाली पाडण्याची संधी समोर होती. परंतु आपण आपल्या कानांना आणि डोळ्यांना जपतो, आयशांविषयी चांगल्याखेरीज काही जाणत नाही, अशी ग्वाही त्यांनी दिली. त्यांची सख्खी बहीण मात्र अफवा पसरवणाऱ्यांत सामील झाली होती. हजरत आयशांनी स्वतः हे कथन केले आणि जैनब यांना त्यांच्या धर्मपरायणतेने वाचवले, असे सांगितले.

दुसरी स्त्री अन्सारांपैकी होती. हजरत आयशा आईवडिलांच्या घरी रडत बसल्या असताना तिने आत येण्याची परवानगी मागितली, जवळ बसली आणि त्यांच्याबरोबर रडू लागली. बुखारीच्या कथनात तिचे नावही आलेले नाही. तिने चौकशी केली नाही, उपदेशही केला नाही. मैत्रीला याहून अधिक काही लागत नाही.

आमच्या गावातील त्या मुलीकडेही तशी एक जण येत होती. ती तिच्याच वर्गातील हिंदू मुलगी. इतर मैत्रिणींचे येणे बंद झाले, तरी ही दर शनिवारी वर्गातील टिपणांची वही घेऊन येई आणि तासभर बसे. जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत आणि ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढले नाही, त्यांच्याशी भलाईने व न्यायाने वागण्यास अल्लाह मनाई करीत नाही, हे सूरह मुम्तहिनाच्या 8 व्या आयतीत स्पष्ट केले आहे. अशा मैत्रिणीला आपल्या घरात सन्मानाची जागा मिळाली पाहिजे. आपल्या महाराष्ट्रात मुलींच्या शिक्षणाच्या आरंभीच अशी सोबत होती. सावित्रीबाई फुले आजारपणात नायगावला होत्या, तेव्हा 1856 च्या ऑक्टोबरमध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाची आठवण काढली. आपल्यामागे कामाचा भार तिच्यावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, हा त्यांचा विश्वास होता.

आता पालकांविषयी. अलीगढमध्ये शेख अब्दुल्लाह आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी 1906 मध्ये मुलींची शाळा सुरू केली. 1914 मध्ये तिला वसतिगृह जोडले गेले आणि त्याच रोपट्याचे पुढे महिला महाविद्यालय झाले. मुलींना वसतिगृहात ठेवण्यास त्या काळी घरे कचरत होती. तेव्हा मुली जिला ‘आला बी’ म्हणत, त्या वहीद जहाँ बेगम स्वतः त्यांच्यात राहिल्या आणि त्यांची आईसारखी देखभाल केली. मुलींचे शिक्षण तेथे टिकले, कारण भीती सांगायला त्यांना जवळ एक मोठे माणूस होते. आपल्या मुलींना असे माणूस घरात मिळते का? आपली भीती सांगितली की शिक्षण बंद होते, असे ज्या घरात मुलीला वाटते, त्या घराने तिचे तोंड आपल्याच हाताने बंद केले आहे. मग ती जिन्यात बोलते.

येथे एक भेद मुलींनी नीट ध्यानात घ्यावा. मैत्रीण संकटात असेल, कोणी तिला छळत असेल, तर गप्प बसणे ही अमानत नव्हे. तिला समजावून, तिच्या सोबतीने आई, शिक्षिका किंवा जी व्यक्ती खरोखर मदत करू शकेल तिला सांगणे, हे मैत्रीचे कर्तव्य आहे. मदत करू शकणाऱ्याला सांगणे ही खैरख्वाही आहे. ज्याला केवळ ऐकायचे आहे, त्याला सांगणे ही गीबत आहे. सूरह हुजुरातमध्ये गीबतीला आपल्या मृत भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे. आणि बातमी घेऊन येणाऱ्याची आधी शहानिशा करा, ही त्याच सूरहची आज्ञा बापांना आहे, आणि माझ्यासारख्या इमामांनाही.

शेवटी, जिच्या तोंडून ती गोष्ट फुटली, त्या मैत्रिणीचे काय? हजरत आयशांवरील तोहमतीत मिस्तह हा हजरत अबू बकर (रजि.) यांचा गरीब नातलगही सामील होता. त्यांनी त्याची मदत बंद करण्याची शपथ घेतली. तेव्हा सूरह नूरची 22 वी आयत अवतरली आणि अल्लाहने तुम्हाला क्षमा करावी असे तुम्हाला आवडत नाही काय, असे त्यात विचारले गेले. त्यांनी मदत पुन्हा चालू केली. आमच्या गावातील मुलगीही पुढच्या जूनमध्ये पुन्हा महाविद्यालयात गेली. ज्या मैत्रिणीमुळे तिचे वर्ष गेले, ती आता तिच्या घरी जाऊन तिला घेऊन बसस्थानकापर्यंत सोबत जाते. क्षमा झाली, पण गेलेले वर्ष परत आले नाही.

हे अल्लाह, आमच्या मुलींना एकमेकींच्या अमानती जपणाऱ्या मैत्रिणी बनव. आमच्या कानांना चौकशीची आणि आमच्या जिभांना थांबण्याची सवय लाव. आणि आम्ही ऐकताक्षणी दिलेल्या निवाड्यांबद्दल आम्हाला क्षमा कर. आमीन.