वेळ थांबवता आली तर?

गेल्या उन्हाळ्यात चिटगुप्प्याला शब्बाथशाळेच्या मोठ्या मुलांचा वर्ग घेण्याचा योग आला. धडा होता यहोशवाच्या दहाव्या अध्यायातला, गिबोनावर सूर्य आणि अयालोनाच्या खोऱ्यात चंद्र उभा राहिल्याचा. आमच्या या सीमाभागातली मुले घरी मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी बोलतात. एखादी गोष्ट तिन्ही भाषांतून फिरून आली म्हणजे मग ती त्यांना पटते. त्या दिवशी मात्र फिरण्याची गरज पडली नाही. एक मुलगा लगेच म्हणाला, "सर, हे आम्ही पाहिलंय. पिक्चरमध्ये."

पिक्चरचे नाव 'क्लॉकस्टॉपर्स', म्हणजे घड्याळ थांबवणारे. २००२ साली अमेरिकेत निघालेला हा चित्रपट जोनाथन फ्रेक्स यांनी दिग्दर्शित केला आहे. मुलांनी तो मोबाइलवर पाहिला होता, आणि पुढल्या रविवारी त्यांच्यापुढे उभे राहायचे म्हणून आम्हीही पाहिला. झॅक गिब्स नावाचा एक शाळकरी मुलगा, त्याचे वडील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. वडिलांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवलेले विलक्षण मनगटी घड्याळ मुलाच्या हाती लागते. कळ दाबली की भोवतालचे जग थिजून जाते. माणसे पुतळ्यांसारखी उभी, पाण्याचे थेंब अधांतरी. घड्याळामागे एका कंपनीची माणसे लागतात, धावपळ होते, शेवटी सारे गोड होते. करमणूक म्हणून बेताचीच. पण मुलांना आवडला यात नवल नाही.

आम्ही वर्गाला विचारले, असे घड्याळ तुम्हांला मिळाले तर काय कराल? एकाने परीक्षेत शेजाऱ्याची उत्तरपत्रिका पाहिली असती. एकाला बिदरच्या चौबाऱ्यावर चढून बसायचे होते. एकाने दुकानातला मोबाइल उचलला असता, "पण पैसे ठेवून," असे त्याने आमच्याकडे पाहून घाईने जोडले. हशा झाला. एका मुलीचे उत्तर निराळे होते, त्याकडे मागाहून येऊ.

कोणी पाहत नसताना माणूस कसा वागतो, हा प्रश्न जुना आहे. प्लेटोच्या एका ग्रंथात गायजीस नावाच्या मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते, आणि तो राणीला वश करून राजाला ठार मारतो. अशी अंगठी बोटात असताना कोणी नीतिमान राहील का, असे तिथे विचारले आहे. शब्बाथशाळेत आम्ही याचे उत्तर झटकन देतो: देव पाहतो. उत्तर खरे आहे, पण तेवढ्यावर थांबले तर चोरी पकडली जाईल एवढेच मुले शिकतात. आम्हांला वाटते, या घड्याळातला दोष चोरीच्याही अलीकडे आहे. कळ दाबताक्षणीच, काहीही चोरण्यापूर्वी, आपण बाकी सर्व माणसांना वस्तू करून टाकलेले असते. आता त्यांना आपल्याला नाही म्हणता येत नाही, काही विचारता येत नाही, हाकही मारता येत नाही. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९०१ साली अशीच एक कथा लिहिली. तिच्यातला प्राध्यापक शरीराचा वेग हजारो पटींनी वाढवणारे औषध घेऊन फिरायला निघतो. थिजलेल्या लोकांची तो टिंगल करतो आणि शेजारच्या बाईचा कुत्रा उचलून फेकून देतो. तो काही दुष्ट मनुष्य नव्हे. समोरची माणसे त्याच्या लेखी माणसेच उरलेली नाहीत, एवढेच.

या दोन्ही गोष्टींत वास्तविक वेळ थांबतच नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. घड्याळ बांधणारा इतका वेगवान होतो की त्याला जग उभे राहिल्यासारखे भासते. म्हणजे तो स्वतःचे आयुष्य झपाट्याने खर्च करत असतो. चित्रपटात कंपनीची जी माणसे त्या वेगात फार राहतात ती अकाली म्हातारी होऊ लागतात. आमच्या मते साऱ्या चित्रपटातली ही एकच शहाणी गोष्ट, आणि दिग्दर्शकाने शेवटी तीही सोडून दिली. म्हातारा होऊ लागलेला तो विद्यार्थी उलट पोरगेलासा होऊन बसतो. किंमत सांगायची आणि गिऱ्हाइकाला ती माफ करायची, असा हा व्यवहार झाला. (खरे पदार्थविज्ञान याच्या उलट आहे: वेगाने जाणाऱ्याचे घड्याळ मागे पडते. १९७१ साली दोन शास्त्रज्ञांनी अणुघड्याळे विमानातून पृथ्वीभोवती फिरवून हे तपासले. फरक सेकंदाच्या काही अब्जांशांचा निघाला. तेवढ्यात कोणाच्या खिशातला मोबाइल काढता येणार नाही.)

कोणी म्हणेल, ही पोरांची गोष्ट, तिच्यावर एवढा खल कशाला? पण घड्याळ कोणाच्या हातात आणि त्याची किंमत कोण देतो, हा प्रश्न आमच्याच मुलखात खरोखर उठलेला आहे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या हिंदुस्थानासाठी एक प्रमाणवेळ ठरवली. ती मुंबईच्या सूर्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटे पुढे होती. कचेरीत बसणाऱ्याला तो काटा सरकवण्याचा प्रश्न होता. गिरणीत पहाटे हजर होणाऱ्याला मात्र एकोणचाळीस मिनिटांची झोप गमवायची होती, आणि कामगारांनी काम बंद ठेवून विरोध केला. मुंबई नगरपालिकेने तर आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. काटे हलवणारा एक आणि अंधारात उठणारा दुसरा.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला घेतले तिकडे वळतो. मार्च २०२० आठवावा. करोनाने देशातला पहिला मृत्यू झाला तो आमच्या शेजारी, कलबुर्गीत. १० मार्चला शहात्तर वर्षांचे एक गृहस्थ गेले. २४ तारखेला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांनी सारा देश बंद. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आम्ही घरीच केला. त्या दिवसांत आमच्या तोंडी एकच वाक्य होते, वेळ जणू थांबली आहे. त्यात थोडे सुखही होते, हे कबूल केले पाहिजे. पुस्तके वाचून झाली, झोपा झाल्या.

परंतु हुमनाबादवरून जाणाऱ्या पुणे–हैदराबाद रस्त्याने त्याच दिवसांत माणसे पायी चालली होती, डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेऊन. त्यांची वेळ थांबली नव्हती. परिचारिकांची थांबली नव्हती, कचरा उचलणाऱ्यांची थांबली नव्हती. आणि ८ मेची पहाट तर विसरता येत नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर रुळांच्या कडेने औरंगाबादकडे (आता छत्रपती संभाजीनगर) निघाले होते, तिथून पुढे गावी जाण्यासाठी गाडी मिळेल या आशेने. करमाडजवळ ते थकून रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत, तेव्हा रूळ रिकामे असणार, अशी त्यांची समजूत. पण मालगाड्या चालू होत्या. सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल.

वेळ थांबली आहे हे आमचे वाक्य त्यांनीही खरे मानले होते. मालगाड्या चालू होत्या म्हणून आमच्या घरी गहू येत होता आणि गॅसची टाकी येत होती. आमचे थांबणे त्या न थांबणाऱ्या चाकांवर उभे होते. आजार आवरण्यासाठी सर्व बंद करणे चुकीचे होते, असे आम्हांला म्हणायचे नाही. तो निर्णय करणे कोणालाच सोपे नव्हते. आम्हांला बोचते ते आमचे वाक्य. सारे जग उभे आहे असे ज्याला वाटते, त्याने आपल्यापुरती कळ दाबलेली असते.

याचा हिशेब आमच्या दारापर्यंतही आला. आमच्या मंडळीत ऐंशी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. निजामाच्या राज्यात त्यांचे शिक्षण झालेले, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख फसली सनातली आणि उर्दूतली: खुर्दाद, १३४६. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या वाचकांना हे दाखले ठाऊक असतील. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. वर्ष तिकडे ऑक्टोबरात बदलत असल्यामुळे जानेवारीपासूनच्या महिन्यांना आणखी एक मिळवावा लागतो. नोकरीत लावून दिलेली तारीख बाईंना माहीत होती, पण आपला खरा वाढदिवस इंग्रजी कोणत्या दिवशी येतो हे त्यांना एकदा कळून घ्यायचे होते. टाळेबंदीत त्यांनी दोनदा फोन केला. "तुम्हांला उर्दू वाचता येतं, तेवढं पाहून द्या ना." आम्ही म्हणालो, "बाई, सगळं उघडलं की येतो. आता घाई कसली?" दोन गल्ल्यांपलीकडचे घर. दाखला खिडकीतून घेता आला असता. दहा मिनिटांचे काम.

बाई ऑगस्टात गेल्या. मागाहून त्यांच्या मुलाने ट्रंकेतून तो दाखला काढून आम्हांला दाखवला. हिशेब केला तर १९३७ सालचा एप्रिल निघतो. ज्या एप्रिलात त्यांनी फोन केला, त्याच महिन्यात त्यांना त्र्याऐंशी वर्षे पुरी झाली होती. घाई कसली, हे विचारताना आम्ही त्यांचे वय पाहिलेच नव्हते. आमचे घड्याळ थांबले होते, आणि त्यांचेही थांबले असेल असे आम्ही धरून चाललो.

यानंतर यहोशवाचा तो अध्याय आम्ही पुन्हा वाचला आणि एक गोष्ट नव्याने दिसली. सूर्य उभा राहिला खरा, पण खाली माणसांचा वेळ चालूच होता. ते लोक गिलगालाहून रात्रभर चालून आलेले; त्यांना त्या लांबलेल्या दिवसात आणखी एक दिवस लढावे लागले. त्यांच्या पायांना सूर्याने काही सवलत दिली नाही. हिज्कीया राजाची गोष्टही तशीच. छाया दहा पायऱ्या मागे गेली, त्याला पंधरा वर्षे जास्त मिळाली, आणि त्या वर्षांत त्याने बाबेलच्या वकिलांना आपली भांडारे मिरवून दाखवली. मनश्शे बारा वर्षांचा असताना गादीवर आला, म्हणजे तोही त्याच वाढीव वर्षांत जन्मलेला. वर्षे मिळाली म्हणजे त्यांचे काय करावे हेही मिळते, असे नाही.

मार्काच्या पाचव्या अध्यायात मात्र कोणी सूर्य थांबवत नाही. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारी आहे, प्रत्येक क्षण मोलाचा आहे, आणि प्रभु वाटेत स्वतः थांबतो. गर्दीत कोणीतरी वस्त्राला स्पर्श केला, ती कोण हे त्याला पाहायचे आहे. ती बाई बरी तर झालीच होती. तसेच पुढे गेले असते तरी चालले असते. पण तो तिला बोलू देतो, आणि ती सारी हकिकत सांगते. बारा वर्षांचा आजार, वैद्यांचे हात, संपलेला पैसा. हे काही दोन शब्दांत होणारे नव्हे. याईर तिथेच उभा आहे. त्याच्या मनात काय चालले असेल हे मार्काने लिहिलेले नाही. बोलणे चालू असतानाच घरून निरोप येतो, मुलगी गेली. पुढे काय झाले ते आपण सर्व जाणतो, आणि जाणतो म्हणूनच त्या मधल्या वेळेवरून घाईने पुढे जातो. शिक्षकांना आमची विनंती आहे की हा धडा शिकवताना मुलांना याईराजवळ थोडे उभे करावे. दुसऱ्यासाठी थांबण्याची किंमत असते, आणि कधीकधी ती तिसराच कोणी देतो. याईराला कोणी विचारले नव्हते. हे अवघड आहे. आमच्याजवळ याचे सोपे उत्तर नाही, आणि असल्याचे सोंग मुलांपुढे आणू नये.

आता त्या मुलीचे उत्तर. सगळ्यांचे मोबाइल आणि उत्तरपत्रिका झाल्यावर ती म्हणाली होती, "मी आईला झोपू दिलं असतं. पहाटेचं पाणी मी भरलं असतं." नळ ठरावीक वेळीच येतो, आणि तिची आई त्यासाठी अंधारात उठते. आम्ही तिला शाबासकी देणार, तोच पिक्चर पाहिलेला पहिला मुलगा बोलला, "अगं, वेळ थांबली तर नळाचं पाणी पण थांबेल. थेंब वरच राहतील. घागर कशी भरणार?"

वर्ग हसला. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली.

"मग काय," ती म्हणाली, "उठावंच लागेल."