मुरलेली वाईन आणि आपला संयम



नाताळ जवळ आला की आपल्या वसईत कितीतरी घरांतून माळ्यावरची बरणी खाली उतरते. कुणाची काळ्या द्राक्षांची वाईन, कुणाची बीटची, कुणाची आल्याची. त्याच वेळी दारूने उद्ध्वस्त झालेली घरेही आपण पाहतो. मग वाईनच्या चवीत आनंद मानणे चांगले की वाईट?

आधी बरणीत काय घडते ते पाहू या. द्राक्षे चुरगाळली की यीस्ट रसातली साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनते. म्हणून रस फसफसतो. तेव्हा झाकण घट्ट लावले तर बरणी फुटू शकते; पुढे हवा लागू दिली तर जिवाणू त्याच वाईनचे व्हिनेगर करतात. काळ्या द्राक्षाचा गर फिकट असतो. रंग आणि तुरटपणा मुख्यतः सालीतून येतो. चांगली तांबडी वाईन काही वर्षे थंड, अंधाऱ्या जागी राहिली की हा तुरटपणा मवाळ होतो, गाळ तळाशी बसतो, जांभळा रंग विटकरी होत जातो. ताज्या फळाच्या वासाऐवजी सुक्या फळांचा, ओल्या मातीचा वास येऊ लागतो. अर्थात प्रत्येक वाईन अशी मुरत नाही. बहुतेक वाईन थोड्या वर्षांतच प्यायच्या असतात.

पवित्र शास्त्र हा आनंद नाकारत नाही. काना गावी प्रभूने सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला, आणि तोही उत्तम. जुना द्राक्षारस प्यालेल्याला नवा नको असतो, हे निरीक्षण लूकच्या शुभवर्तमानात प्रभूच्याच तोंडी आहे. मात्र द्राक्षमळा लावणारा नोहा झिंगून तंबूत उघडा पडला, हेही तेच शास्त्र सांगते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी भेद स्पष्ट केला: द्राक्षारस पिणे हे मुळात पाप नव्हे, जाणूनबुजून विवेक गमावेपर्यंत पिणे हे पाप.

यातून आपल्याला एक खूण सापडते. चव घेणारा थांबू शकतो. वाईन मुरेपर्यंत तो थांबतो आणि घोटही सावकाश घेतो. नशेसाठी पिणाऱ्याला तिसऱ्या पेल्यानंतर पेल्यात काय आहे याचे भानच नसते. म्हणजे अतिरेकात आधी आनंदच मरतो.

पण एवढ्याने आपली सुटका होत नाही. चांगल्या चवीचीही सवय जडते. 'घरचीच तर आहे' म्हणून आपण लहान मुलांपुढे पेला धरतो. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही. परंपरा आहे म्हणून कायदा आपल्याला सूट देत नाही, याचाही विचार प्रत्येक घराने करायला हवा.

संत पौलाने रोमकरांस लिहिले की, आपल्या पिण्याने भाऊ अडखळत असेल तर न पिणे बरे. मोठ्या कष्टाने दारू सोडलेला भाऊ आपल्या घरी सणाला निर्धास्त बसू शकतो का? 'एकच घोट घे' हा आग्रह त्याच्यावर अन्याय आहे. या नाताळात टेबलावर कोकम सरबतही ठेवू या, आणि पहिला पेला भरण्याआधी त्याला काय हवे ते विचारू या.