क्षमा, विश्वास आणि शिफारस

एकदा खोटं बोललेल्या माणसाकडून पुन्हा माल घ्यावा का, हा प्रश्न आपल्या घरांना नवा नाही. सियागंजातून वर्षाचा किराणा भरणाऱ्या आपल्या सासवा-आजेसासवांनी तो कितीदा तरी सोडवला असेल. एखाद्याच्या मापात पाप दिसलं की त्याचं दुकान बंद. पुढे तो सुधारला असं कानावर आलं, तर आधी पावशेर जिरं आणून बघायचं, मग बाकीचं. दुकानदार समोर, तराजू समोर, त्यामुळे निवाडाही घरच्या घरी व्हायचा.

आता दुकानदार टीव्हीवर असतो आणि तराजू कोर्टात असतो. म्हणून हा प्रश्न पुन्हा एकदा नीट बघायला हवा.

उदाहरण पतंजलीचं घेऊ या. इंदूरला हे नाव काही परकं नाही. आपल्या शहरात वाढलेली रुची सोया, तिची न्यूट्रेलाची सोयावडी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. ही कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २०१९ मध्ये पतंजलीनं ती घेतली. २०२२ मध्ये तिचं नाव पतंजली फूड्स झालं. न्यायालयात जे प्रकरण गाजलं ते मात्र हरिद्वारच्या पतंजली आयुर्वेदचं. कंपन्या दोन, पण पाकिटावरचं नाव एक. आणि बाई दुकानात नाव बघूनच हात पुढे करते.

प्रकरण असं. २०२२ मध्ये डॉक्टरांची संघटना, इंडियन मेडिकल असोसिएशन, सर्वोच्च न्यायालयात गेली. तक्रार होती दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची: आधुनिक औषधोपचारांना नावं ठेवायची आणि आपल्या औषधानं रक्तदाब, मधुमेह यांसारखे आजार बरे होतात असं सांगायचं. २१ नोव्हेंबर २०२३ ला कंपनीच्या वकिलांनी न्यायालयाला हमी दिली की असं पुन्हा होणार नाही. दुसऱ्याच दिवशी पत्रकार परिषद झाली आणि जाहिरातीही चालूच राहिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयानं अवमानाची नोटीस काढली. एप्रिलमध्ये माफीची प्रतिज्ञापत्रं आली, ती न्यायालयानं मनापासूनची मानली नाहीत. मग ६७ वर्तमानपत्रांत माफी छापली गेली, तेव्हा न्यायमूर्तींनी विचारलं, ही माफी तुमच्या जाहिरातींएवढी मोठी आहे का? त्यानंतर मोठ्या आकारात माफी छापली गेली. १३ ऑगस्ट २०२४ ला न्यायालयानं ती स्वीकारली, पुन्हा असं न करण्याची ताकीद दिली आणि प्रकरण मिटवलं.

कोर्टाचं मिटलं. आपलं मिटलं का?

इथे थोडा फरक करायला हवा. २००३ मध्ये कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या होत्या, आठवतं ना? महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं कारवाई केली. कंपनीनं आधी दुकानांतल्या साठवणीला दोष दिला, पण पुढे वेष्टन बदललं, अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत उभं केलं आणि लोक परत आले. तिथे चूक मालात दिसली होती, आणि दुरुस्त केलेला माल डोळ्यांना दिसत होता. इथे दोष शब्दात आहे. डब्यातलं मध उघडून चाखता येतं, दिलेला शब्द कसा चाखायचा? आणि त्या शब्दाची किंमत मोठी आहे. असल्या जाहिरातीवर विसंबून एखाद्या काकूंनी साखरेची गोळी बंद केली, तर त्यांच्या डोळ्यांचं आणि मूत्रपिंडाचं जे नुकसान होईल, ते कोणत्याही माफीनं भरून येत नाही.

आपल्याकडे या गोष्टीची तीन अंगं सांगितली आहेत. आलोचना म्हणजे दोष न लपवता सांगणं. प्रतिक्रमण म्हणजे त्या दोषातून मागे फिरणं. आणि प्रत्याख्यान म्हणजे पुढे तो करणार नाही असा नियम घेणं. पहिली दोन कागदावर दाखवता येतात. तिसऱ्याला काळ लागतो, तो फक्त वागण्यात दिसतो.

मग वागणं बघू. जानेवारी २०२५ मध्ये पतंजली फूड्सनं लाल तिखटाचा चार टनांचा एक साठा परत मागवला, घेतलेल्यांना पैसे परत देऊ केले. आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा होता, तरी उघडपणे सांगून माल परत घेणं ही चांगलीच गोष्ट. पण त्याच वर्षी जुलैमध्ये इतरांच्या च्यवनप्राशाला कमी लेखणाऱ्या जाहिरातीवर दिल्ली उच्च न्यायालयाला अंतरिम मनाई करावी लागली. अपिलात त्यात काही सूट मिळाली, हेही खरं. म्हणजे माल सुधारतो आहे म्हणावं, तर जीभ अजून सैलच.

कुणी म्हणेल, स्वदेशी कंपनी आहे, सांभाळून घ्यावं. मला वाटतं, आपल्या माणसाकडून सचोटीची अपेक्षा जास्तच असते, कमी नाही. कुणी म्हणेल, त्यांनी घराघरांत योग पोचवला. पोचवलाच, त्याचं श्रेय त्यांना द्यावं. पण एका पुण्याईवर दुसऱ्या खोट्याचं खातं मिटत नाही. आणि जाहिरातीत सगळेच थापा मारतात म्हणाल, तर मग आपण सगळ्यांनाच विचारायला हवं, एकाला सोडून द्यायला नको.

माझ्या मते तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की गोंधळ होत नाही. क्षमा करायला काही लागत नाही; ती आपल्या मनाच्या स्वच्छतेसाठी असते, मागणाऱ्याच्या लायकीवर अवलंबून नसते. विश्वास मात्र त्यानं कमवायचा असतो, पावशेर जिऱ्यापासून. पीठ चांगलं वाटलं तर पीठ घ्या, साबण चालत असेल तर साबण घ्या. आजार बरा करण्याचा दावा दिसला की आधी डॉक्टरांना विचारा, आयुर्वेदाचे वैद्यही त्यात आले.

तिसरी गोष्ट शिफारस. ही सर्वांत अवघड, कारण ती करताना आपल्याला काहीच खर्च येत नाही. भिशीत एक वाक्य टाकलं, व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पुढे ढकलली, झालं. पण सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिलाच सांगितला आहे मिथ्योपदेश, खोटा सल्ला. कंपनीला निदान न्यायालय जाब विचारतं. आपण दिलेल्या सल्ल्याचा जाब कोण विचारणार? ज्या जावेनं, ज्या शेजारणीनं आपल्या तोंडाकडे बघून औषध घेतलं, तिला कंपनीचं नाव आठवणार नाही, आपलं आठवेल.

म्हणून क्षमा आज करावी. विश्वास हळूहळू, एकेक वस्तू पारखून द्यावा. आणि आपला शब्द त्यांच्या मालामागे उभा करायचा असेल, तर दोन-चार वर्षं कोणत्याही न्यायालयानं कान न धरता त्यांच्या जाहिराती निघाल्या, की मगच. तोवर कुणी विचारलं तर एवढंच सांगावं, “मी पीठ घेते. औषधाचं मला माहीत नाही, डॉक्टरांना विचार.”